दहावीच्या गणिताला आधी बालभारती, मग बाकीचं

मी कराडात घरीच शिकवण्या घेते. नववी-दहावी, मराठी माध्यम आणि सेमी, विषय फक्त गणित. जून लागला की दारात येणाऱ्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, गाईड कुठलं घेऊ?" मी सांगते, आधी बालभारतीची गणित भाग १ आणि भाग २ ही दोन पुस्तकं पोराच्या हातात द्या. त्यावर चेहरे पडतात. पुस्तकं तर शाळेची म्हणून घेतलेलीच असतात, त्यात काय सांगायचं, असं त्यांना वाटतं. आणि खरी गोष्ट अशी की दहावी संपते तेव्हा बऱ्याच घरांत गाईडची पानं निसटलेली असतात, क्लासच्या नोट्सचा ढीग पडलेला असतो आणि बालभारतीचं पुस्तक मात्र कव्हरसकट कोरं राहिलेलं असतं. परीक्षेच्या तयारीचं साधन म्हणून ही दोन पुस्तकं कशी आहेत, ते मी वर्षानुवर्षं पोरांबरोबर वापरून जे पाहिलंय त्यावरून लिहिते.

ही पुस्तकं २०१८ साली आली, अभ्यासक्रम बदलला तेव्हा. भाग १ म्हणजे बीजगणिताची बाजू: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भाग २ म्हणजे भूमिती: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. म्हणजे सहा आणि सात, एकूण तेरा प्रकरणं. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, नववी-दहावीला विकत घ्यावी लागतात. पण बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्हींची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. सेमीच्या मुलांसाठी हीच पुस्तकं इंग्रजीत आहेत. प्रकरणांचा क्रम तोच आणि उदाहरणंही तीच, त्यामुळे एकाच खोलीत दोन्ही माध्यमांची मुलं बसली तरी माझी अडचण होत नाही. "सरावसंच तीन पॉइंट तीन काढा" म्हटलं की सगळी एकाच ठिकाणी येतात.

आता परीक्षेकडे येते, कारण पालकांना त्याचंच पडलेलं असतं. बोर्डाचा प्रत्येक पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. दोन पेपर मिळून ८०, आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरची घडण पाहिली की पुस्तकाची किंमत कळते. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात ४ गुण बहुपर्यायी. दुसऱ्या प्रश्नात ४ गुण "कृती पूर्ण करा"चे, म्हणजे चौकटी भरायच्या, आणि ८ गुणांची छोटी उदाहरणं. तिसऱ्यात पुन्हा ३ गुणांची एक कृती आणि ६ गुणांची उदाहरणं. चौथा ८ गुणांचा, अवघड. पाचवा ३ गुणांचा, तिथे डोकं चालवावं लागतं. आता बेरीज करा: बहुपर्यायी ४ आणि चौकटींचे ७, असे एका पेपरात ११ आणि दोन्ही मिळून २२ गुण. हे २२ गुण ज्या साच्यात विचारले जातात, तो साचा या पुस्तकांतच आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "संकीर्ण प्रश्नसंग्रह" असतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुपर्यायी असतो. कृती तर पानोपानी आहेत. काठावरच्या पोरासाठी हे केवढं मोठं भांडवल आहे! तरीही मुलं पुस्तकातल्या त्या रिकाम्या चौकटी ओलांडून पुढे जातात, कारण गाईडात त्या भरूनच दिलेल्या असतात.

भरलेली चौकट वाचणं आणि रिकामी भरणं यात फार फरक आहे. भरलेली वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, मान डोलते, आपल्याला येतंय असं वाटतं. रिकाम्या चौकटीपुढे पेन्सिल थांबते आणि कुठे थांबली तेच मला हवं असतं. कोनदुभाजकाच्या प्रमेयाची सिद्धता भरताना एखादं पोर "व्युत्क्रम कोन" लिहितं आणि पुढच्या चौकटीत अडतं, तेव्हा कळतं की समांतर रेषा त्याने बघितलीच नाही, पाठ केलेलं आठवतंय फक्त. मग नववीतल्या समांतर रेषांवर अर्धा तास जातो, आणि तो जायलाच हवा असतो.

मला या पुस्तकांतलं सगळ्यात आवडतं प्रकरण भौमितिक रचना. शाळेत ते घाईत उरकलं जातं आणि गाईडात तर आकृती छापूनच येते, त्यामुळे मुलांना वाटतं की हे चित्रकलेसारखं आहे, परीक्षेच्या आधी दोन दिवस बघू. माझ्याकडे उंब्रजहून एसटीने येणारी एक मुलगी होती, अबोल, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायचं चाललं होतं. मी तिला त्रिज्या ३ सेंमी आणि बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर ५ सेंमी दिलं. तिने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे केंद्र आणि बिंदू जोडले, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढला, मध्य धरून दुसरं वर्तुळ काढलं, दोन्ही वर्तुळं जिथे छेदली तिथून स्पर्शिका ओढल्या. कंपासचं टोक एकदा घसरलं तसं पुसून पुन्हा काढलं. मग मी म्हटलं, आता स्पर्शिका मोज. बरोब्बर चार सेंमी भरली. ती पट्टीकडे बघतच राहिली. "काकू, चारच कशी काय आली?" मी काही बोलले नाही, भाग २ चं पायथागोरसचं प्रकरण तिच्यापुढे सरकवलं. तिने त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला काटकोन आकृतीत दाखवला, तीन-चार-पाच स्वतःच लिहिलं, आणि मग विचारलं, "पण काटकोन होणारच हे कशावरून?" अर्धवर्तुळातला कोन! वर्तुळाच्या प्रकरणात तेच प्रमेय आहे. तीन प्रकरणं एका आकृतीत आली. पुस्तकातला प्रकरणांचा क्रमही असाच आहे: पायथागोरस, वर्तुळ आणि मग रचना. ज्याने तो ठरवला त्याने विचारपूर्वक ठरवलाय.

तेव्हापासून रचना काढली की मोजायची, हा माझ्याकडे नियमच आहे. परीक्षेत उत्तर बरोबर आलं का हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. रचनेत मात्र पट्टी सांगते. दोन समरूप त्रिकोण काढले की संगत बाजू मोजून गुणोत्तर तपासायचं, आधी कच्ची आकृती काढायची, शिसपेन्सिलीला टोक हवं, आणि रचनेचे कंस पुसायचे नाहीत. कंस पुसले तर तपासणाऱ्याला रचना दिसणार कुठून?

अर्थनियोजनाबद्दल पालक नेहमी कुरकुरतात. जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड हे दहावीच्या पोरांना कशाला, म्हणतात. माझं मत अगदी उलटं आहे. या पुस्तकातलं घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं प्रकरण हेच. माझ्याकडच्या एका मुलाचं घरचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गणित म्हटलं की तो मान खाली घालायचा. त्याला म्हटलं, दुकानातलं एक खरेदीचं आणि एक विक्रीचं बिल घेऊन ये. पुस्तकात जीएसटी क्रमांकाची फोड दिली आहे: पंधरा अंक-अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा पॅनची. त्याने बिलावरचा वडिलांचा क्रमांक वाचला, पॅन ओळखला आणि ताठ बसला. मग मी उदाहरण घातलं: खरेदीवर १,५०० रुपये कर दिला, विक्रीवर १,८०० गोळा केला, सरकारला किती भरायचे? तो क्षणात म्हणाला, "तीनशे. दीडशे केंद्राला, दीडशे राज्याला. पप्पा महिन्याला हेच करतात." पुस्तकातली इनपुट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर दिलेला कर वजा करायची पायरी त्याला कधीच पाठ करावी लागली नाही.

या प्रकरणात एक गोष्ट पोरांना सांगून ठेवावी लागते. पुस्तकातला करदरांचा तक्ता छापला तेव्हाचा आहे, ५, १२, १८ आणि २८ टक्क्यांचा. सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे गेले, आता बहुतेक वस्तूंना ५ नाहीतर १८. परीक्षेत दर उदाहरणातच दिलेला असतो, त्यामुळे गुण जाण्याची भीती नाही. पण दुकानदाराचं पोर "काकू, हे चुकीचं आहे" म्हणालं तर ते बरोबर बोलतंय, हे शिकवणाऱ्याला माहीत असावं.

शेअरची उदाहरणं मात्र पुस्तकात आहेत त्यापेक्षा जास्त सोडवून घ्यावी लागतात. लाभांश, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, शेअरच्या दर्शनी म्हणजे छापील किमतीवर मिळतो, बाजारभावावर नाही. ही एक ओळ डोक्यात बसली की निम्मं प्रकरण सुटलं, आणि ती बसायला वेगवेगळे आकडे घालून पुन्हा पुन्हा करावं लागतं. समजा दर्शनी किंमत १० रुपये, बाजारभाव २०० आणि लाभांश २० टक्के. मुलं पटकन २०० चे २० टक्के काढून ४० रुपये लिहितात. मिळतात २ रुपये. परताव्याचा दर १ टक्का. हे उमजलं की एखादं पोर घरी जाऊन वडिलांना शेअरबद्दल चार प्रश्न विचारतं, आणि त्याचा मला फार आनंद होतो.

आता पुस्तकात काय कमी पडतं ते सांगते, नाहीतर हे परीक्षण एकतर्फी होईल. शेवटी उत्तरसूची आहे, पण फक्त अंतिम उत्तरांची. उत्तर जुळलं नाही तर कुठल्या पायरीवर घसरलो ते पोराला एकट्याने शोधता येत नाही. घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलाची इथेच अडचण होते, आणि अशी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. गाईडचं खरं काम एवढंच, अडलेल्या उदाहरणाची पायरी बघण्यापुरतं. तेही डोळे झाकून नाही. बाजारातल्या एका गाईडात सांख्यिकीचा मध्यक वर्ग सलग न करताच काढलेला मी पाहिलाय. १०-१९, २०-२९ असे वर्ग असतील तर आधी ९.५-१९.५ असे करून घ्यावे लागतात. मुलाने गाईडावर विश्वास ठेवला आणि चाचणीत गुण गेले. पुस्तकात ही पायरी स्पष्ट दिलेली आहे.

दुसरी कमी म्हणजे कुठल्या पायरीला किती गुण, हे पुस्तकातून कळत नाही. ते पुस्तकाचं कामही नसेल, पण परीक्षेला बसणाऱ्याला ते कळायला हवं. वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण घ्या. आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ १८० चौरस मीटर. हुशार पोर समीकरण मांडतं, अवयव पाडतं, १२ आणि उणे १५ काढतं आणि "रुंदी १२" लिहून मोकळं होतं. "रुंदी ऋण नसते म्हणून उणे १५ अमान्य" ही ओळ राहते, सुरुवातीचं "रुंदी अमुक मानू" राहतं, शेवटी "लांबी १५ मीटर" राहतं. गणित येऊनही गुण सांडतात. संभाव्यतेतही तसंच: नमुना अवकाश म्हणजे येऊ शकणारे सगळे निकाल, त्यातल्या घटकांची संख्या, घटना, तिच्यातल्या घटकांची संख्या आणि मग भागाकार, एवढं सगळं लिहायला हवं. फासे दोन असतील तर छत्तीसच्या छत्तीस जोड्या एकदा तरी हाताने लिहायला लावते. त्यानंतर बेरीज सात येणाऱ्या जोड्या कोणत्या हे कुणी विसरत नाही.

आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नांची तयारी फक्त सरावसंचांवर होत नाही. तिथे पुस्तकाबाहेरचं येतं, दोन प्रकरणं एकत्र येतात. समरूपता आणि वर्तुळ यांची मिसळण तर हमखास. त्यासाठी संकीर्ण प्रश्नसंग्रहातली शेवटची उदाहरणं सोडायची नाहीत. शाळेत बहुतेक वेळा पोर्शन संपवायच्या गडबडीत तीच राहतात. वर्तुळाच्या प्रकरणाचा संकीर्ण प्रश्नसंग्रह तर इतका भरगच्च आहे की मी तो दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवते. एकदम पूर्ण सोडवायचा नाही, रोज थोडा. स्पर्शिका-छेदिकेची उदाहरणं सुटायला लागली की मुलांचा आवाजच बदलतो.

वेळेचा सराव पुस्तकाने होत नाही, त्याला बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकाच हव्यात. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, पण ती तपासायला ठेवायची, लिहायला नाही. जानेवारीपासून रविवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसवून मी पेपर लिहून घेते. मोबाईल बाहेरच्या खिडकीत, कॅल्क्युलेटर नाही, घड्याळ भिंतीवर. घरच्यांनाही सांगते, त्या दोन तासांत चहा-पाण्यासाठी हाक मारायची नाही. पेपर झाला की गुण मी देत नाही, पोरं एकमेकांचे तपासतात, पायरीपायरीने. दुसऱ्याचा पेपर तपासताना "अरे, याने एकक लिहिलंच नाही" हे जितकं लख्ख दिसतं तितकं स्वतःच्या पेपरात कधी दिसत नाही. महत्त्वमापनात घनसेंमी की चौरस सेंमी यावरून तर रोज वाद होतात, आणि मी ते होऊ देते.

पुस्तकाच्या सुरुवातीला क्यूआर कोड आहे, सरकारच्या दीक्षा या अभ्यासाच्या ॲपवर नेणारा. तिथला मजकूर सगळा सारखा नाही, काही ठिकाणी चांगला आहे, काही ठिकाणी जुजबी. रचनेची कृती हात कसा फिरतो ते बघून समजते, तिथे व्हिडिओचा उपयोग होतो. बीजगणितासाठी मी मोबाईल हातात देत नाही, वही देते.

कुणी काय घ्यावं, ते माझ्या अनुभवावरून सांगते. पोराला बेताचे गुण पुरेसे असतील तर ही दोन पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच आणि रोज एक तास, यावर भागतं. नव्वदच्या पुढे जायचं असेल तर चौथ्या-पाचव्या प्रश्नांसाठी जादा उदाहरणं लागतील, पण तीही पुस्तक पूर्ण झाल्यावर. नववीचं कच्चं राहिलेलं असेल तर आधी नववीचं बालभारती काढा. बैजिक राशींचे अवयव येत नसताना वर्गसमीकरणं शिकवण्यात पोराचा आणि तुमचा दोघांचाही जीव जातो. क्लासला घालायचं असेल तर चौकशी करताना एकच विचारा, संकीर्ण प्रश्नसंग्रह पूर्ण करून घेता का. उत्तर ऐकून तुम्हाला बरंच कळेल. पाचपैकी गुण द्यायचे तर भाग २ ला मी साडेचार देते, भाग १ ला चार, शेअरची उदाहरणं थोडी वाटतात म्हणून.

पुस्तक घेताना एक काळजी घ्या. गेल्या वर्षीच्या ताई-दादाचं पुस्तक वापरायला काहीच हरकत नाही, अभ्यासक्रम तोच आहे. मात्र आधी उघडून बघा. त्यांनी कृतींच्या चौकटी पेनने भरून ठेवल्या असतील तर ते पुस्तक नुसतं वाचायला राहू द्या, आणि पीडीएफमधून कृतींची पानं छापून घ्या. कराडात स्टँडसमोर झेरॉक्सवाले पाठपोट छापून देतात. ती पानं पोराच्या हातात कोरी पडू द्या, सोबत पेन्सिल आणि खोडरबर द्या, आणि पहिल्या चौकटीपाशी ते अडलं तर लगेच सांगू नका.